कुठल्या मातेने कुठे बाळंत व्हावे? रुग्णालयांच्या प्रादेशिक समन्वयाची ओळख

बहुतेक बाळंतपणे सुखरूप पार पडतात, आणि ज्या थोड्या बाळंतपणांत अडचण येते त्यांतली कोणती, हे आधी सांगता येत नाही. मातृ-बाल आरोग्यसेवेची सारी गुंतागुंत या एका वस्तुस्थितीतून निर्माण होते. शंभर गरोदर स्त्रियांपैकी साधारण १५ जणींना गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा नंतर गंभीर त्रास होऊ शकतो, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्था नियोजन करताना गृहीत धरतात. त्यांतल्या काहींची जोखीम आधीच कळते. जुळी बाळे, आधीची सिझेरियन, हृदयविकार किंवा सोनोग्राफीत खाली दिसलेली वार असेल, तर डॉक्टर पहिल्यापासून सावध असतात. उरलेल्या जणींच्या बाबतीत मात्र शेवटच्या तासापर्यंत सगळे सरळ चाललेले असते, आणि मग बाळाचे ठोके मंदावतात किंवा वार पडल्यावर रक्त थांबत नाही.

जागतिक अंदाजांनुसार २०२३ मध्ये गरोदरपण आणि बाळंतपणाशी निगडित कारणांनी सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया दगावल्या, आणि २०२२ मध्ये सुमारे २३ लाख बाळे जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत गेली. यांतली मुख्य कारणे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. मातांच्या बाबतीत रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब आणि जंतुसंसर्ग. बाळांच्या बाबतीत दिवस भरण्याआधी झालेला जन्म, जन्मताना गुदमरणे आणि संसर्ग. यांतल्या बहुतेकांवर उपचारही आहेत. तरीही मृत्यू होतात, कारण पुष्कळदा उपचार एका इमारतीत असतो आणि बाळंतीण दुसऱ्या इमारतीत.

प्रत्येक प्रसूतिगृहात सगळ्या सोयी ठेवल्या की प्रश्न मिटेल, असे वरवर वाटते. तसे होत नाही. चोवीस तास भूलतज्ज्ञ, रक्तपेढी, नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग आणि तो चालवणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका यांच्यासाठी पैसा लागतोच. पण पैसा असला तरी एक अडचण शिल्लक राहते. एक किलो वजनाच्या बाळाच्या नाजूक शिरेत नळी घालणे किंवा गर्भपिशवीच्या आत खोल रुतलेल्या वारेची शस्त्रक्रिया करणे, ही कामे वर्षातून एखाद्या वेळी करून हाताला वळण लागत नाही. दुर्मीळ आणि अवघड रुग्ण थोड्या ठिकाणी एकत्र आले तरच तिथल्या पथकाचे कौशल्य टिकते. उलट, सर्वच गरोदर स्त्रियांना मोठ्या रुग्णालयात पाठवले, तर तिथल्या खाटा साध्या बाळंतपणांनी भरून जातात आणि खरी गरज असलेली स्त्री दाराशी ताटकळते. म्हणून एका परिसरातल्या सर्व रुग्णालयांनी मिळून, एकच मोठे रुग्णालय असल्यासारखे काम वाटून घेणे, हाच यावरचा मार्ग ठरतो. याला प्रादेशिक समन्वय म्हणतात.

कोणता उपचार जवळ हवा, कोणता दूर चालेल

काम वाटून घेताना पहिला विचार वेळेचा करावा लागतो. उपचार न मिळाल्यास कोणत्या आजारात मृत्यू सरासरी किती वेळात येतो, याचे काही ढोबळ अंदाज नियोजनात वापरले जातात. प्रसूतीनंतरच्या तीव्र रक्तस्रावात सुमारे २ तास, प्रसूतीपूर्वीच्या रक्तस्रावात १२ तास, आकडी येणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत २ दिवस, अडलेल्या बाळंतपणात ३ दिवस आणि जंतुसंसर्गात ६ दिवस. हे आकडे कोणत्याही एका स्त्रीला जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण त्यांतून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. ज्या त्रासात हाताशी दोनच तास आहेत, त्याचा प्राथमिक उपचार प्रत्येक बाळंतपणाच्या ठिकाणी असलाच पाहिजे. तो दूरच्या रुग्णालयावर सोपवता येत नाही. गर्भपिशवी आकुंचित करणारे इंजेक्शन, पोटावरून गर्भपिशवीला मालीश, शिरेतून सलाइन, आणि रक्त गोठण्यास मदत करणारे ट्रॅनेक्झामिक ॲसिड एवढे तरी लहानात लहान केंद्रात हवे. हे औषध रक्तस्राव सुरू झाल्यापासून ३ तासांच्या आत द्यावे लागते, आणि दर १५ मिनिटांच्या विलंबाने त्याचा फायदा सुमारे १० टक्क्यांनी घटतो, असे मोठ्या चाचण्यांच्या विश्लेषणातून दिसले आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबण्याजोगी ही गोष्ट नव्हे.

जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांनी याच विचारातून तातडीच्या प्रसूतिसेवेचे दोन थर ठरवले. पहिल्या थरातल्या केंद्राला सात कामे यावी लागतात: प्रतिजैविके, गर्भपिशवी आकुंचित करणारी औषधे आणि आकडी थांबवणारी औषधे इंजेक्शनने देणे, अडकलेली वार हाताने काढणे, गर्भपिशवीत राहिलेले अवशेष काढणे, चिमटा किंवा व्हॅक्युम लावून प्रसूती करणे आणि न रडणाऱ्या बाळाला पिशवी-मास्कने श्वास देणे. दुसऱ्या थरात या सातांमध्ये सिझेरियन आणि रक्त चढवण्याची सोय यांची भर पडते. दर ५ लाख लोकसंख्येमागे अशी निदान पाच केंद्रे असावीत आणि त्यांतले किमान एक दुसऱ्या थराचे असावे, असा त्यांचा दंडक आहे. अनेक देशांनी पुढे आणखी बारीक श्रेणी पाडल्या. फ्रान्सने १९९८ मध्ये प्रसूतिगृहांचे नवजात बाळांच्या सोयीनुसार तीन प्रकार कायद्यानेच ठरवले. अमेरिकेत बाळांच्या देखभालीचे स्तर १९७० च्या दशकातच सुचवले गेले होते, पण मातांच्या देखभालीचे स्वतंत्र स्तर तिथल्या तज्ज्ञ संघटनांनी २०१५ मध्ये मांडले. बाळाचा विचार आधी झाला आणि आईचा चाळीस वर्षांनी, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. बाळासाठी उत्तम असलेले रुग्णालय हृदयविकार असलेल्या आईसाठी अपुरे असू शकते, आणि याच्या उलटही घडते.

या श्रेणींमुळे एक अत्यंत महत्त्वाचा निर्णय सोपा होतो: बाळाला जन्मानंतर हलवायचे, की आईच्या पोटात असतानाच. याचे उत्तर पुरेसे स्पष्ट आहे. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उच्च श्रेणीच्या रुग्णालयात जन्मलेल्या बाळांपैकी २३ टक्के दगावली, तर इतरत्र जन्मलेल्यांपैकी ३८ टक्के. सर्वांत सुरक्षित इनक्युबेटर आईचे पोटच असते, असे नवजात बालकांचे डॉक्टर म्हणतात ते यासाठी. अर्थात, कळा इतक्या वाढल्या असतील की वाटेतच बाळंतपण होईल, किंवा आईची प्रकृती अस्थिर असेल, तर तिला हलवणे धोक्याचे असते; अशा वेळी आहे तिथेच प्रसूती करून बाळाला मागाहून न्यावे लागते. ही सीमारेषा ओळखणे हे अनुभवाचे काम आहे, आणि लहान केंद्रातल्या डॉक्टरला ते एकट्याने करावे लागू नये, यासाठीच पलीकडे फोन उचलणारा तज्ज्ञ हवा.

एक फोन, जवळून पाहिलेला

समन्वय कागदावर कसा दिसतो यापेक्षा तो रात्री अडीच वाजता कसा चालतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. समजा, एका छोट्या रुग्णालयात ३१ आठवड्यांची गरोदर स्त्री आली आहे. रक्तदाब १७० वर ११० आहे, डोके ठणकते आहे, डोळ्यांसमोर काजवे चमकतात, लघवीत प्रथिने जात आहेत. इथे भूलतज्ज्ञ नाही आणि इतक्या कमी दिवसांच्या बाळाला सांभाळण्याची सोयही नाही. तिला पाठवावे लागणार, हे उघड आहे. पण पाठवण्याआधी काय करायचे, हे ठरलेले नसेल, तर दोन चुका हमखास होतात. एकतर घाबरून तिला तशीच गाडीत बसवले जाते आणि वाटेत आकडी येते. किंवा सर्व तपासण्यांचे अहवाल येईपर्यंत तिला दोन तास थांबवून ठेवले जाते.

ठरलेली पद्धत असेल तर तिथली परिचारिका आणि डॉक्टर लगेच कामाला लागतात. रक्तदाब उतरवणारे औषध दिले जाते. आकडी टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा दिली जाते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने या औषधामुळे आकडीचा धोका निम्म्याहून खाली येतो हे दाखवले आहे. बाळाची फुप्फुसे लवकर पक्व व्हावीत म्हणून स्टेरॉइडचे पहिले इंजेक्शन दिले जाते. या इंजेक्शनचा उपयोग न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ मध्ये सिद्ध केला. मात्र गर्भाचे आठवडे नक्की ठाऊक नसताना आणि पुढे बाळाच्या देखभालीची सोय नसताना ते सरसकट देणे घातक ठरू शकते, हेही नंतरच्या अभ्यासांतून दिसले आहे. कुणाला, किती आठवड्यांना आणि कोणत्या केंद्रात द्यायचे, हे म्हणूनच परिसराच्या लेखी सूचनांत स्पष्ट असावे लागते.

दरम्यान फोन लागतो. चांगल्या व्यवस्थेत त्यासाठी एकच क्रमांक असतो आणि तो उचलणाऱ्याला होकार देण्याचा अधिकार असतो. बोलण्याचा क्रमही ठरलेला असतो: आत्ता काय चालले आहे, आधीची माहिती काय, आमच्या मते हे काय आहे, आणि तुमच्याकडून आम्हाला काय हवे. हा क्रम क्षुल्लक वाटेल, पण थकलेल्या आणि धास्तावलेल्या माणसाच्या तोंडून महत्त्वाची गोष्ट शेवटी यायची ती त्यामुळे आधी येते. पलीकडचा तज्ज्ञ ऐकतो, एक-दोन प्रश्न विचारतो आणि म्हणतो, "पाठवा." खाट रिकामी आहे का, हा शोध त्याने घ्यायचा असतो, पाठवणाऱ्याने नव्हे. फोन ठेवल्यावर तो भूलतज्ज्ञाला, बालरोगतज्ज्ञाला आणि रक्तपेढीला कळवतो, म्हणजे गाडी पोचेपर्यंत तिच्या गटाचे रक्त तयार होऊ लागते.

सोबत जाणाऱ्या चिठ्ठीकडे नीट पाहू. "उच्च रक्तदाब, पुढील उपचारासाठी रवाना" एवढ्या एका ओळीची चिठ्ठी जवळजवळ निरुपयोगी असते. मॅग्नेशियम सल्फेट किती ग्रॅम, शिरेतून की स्नायूत, आणि कोणत्या वेळी दिले, हे तिच्यात लिहिलेले नसेल, तर पलीकडच्या डॉक्टरपुढे पेच उभा राहतो. पुन्हा पूर्ण मात्रा दिली आणि आधीचीही झालेली असली, तर श्वास मंदावण्याची भीती. दिली नाही आणि आधीचीही झालेली नसली, तर आकडीची. गुडघ्याचा झटका येतो का, श्वास मिनिटाला किती, लघवी किती झाली, यांवरून तो अंदाज बांधू शकतो, पण त्यात जाणारी मिनिटे एका नोंदीने वाचली असती. स्टेरॉइडची वेळ, बाळाचे ठोके शेवटचे कधी ऐकले, रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि पाठवणाऱ्याचा फोन क्रमांक, एवढे लिहिले की चिठ्ठी कामाची होते. गाडीत सोबत प्रशिक्षित परिचारिका असते, स्त्रीला डाव्या कुशीवर झोपवलेले असते, बाळंतपणाचे साहित्य आणि बाळासाठी पिशवी-मास्क बरोबर असतो.

या साऱ्यात एक प्रश्न बहुतेक ठिकाणी अनुत्तरित राहतो: गाडी निघाल्यापासून पोचेपर्यंत ती स्त्री कुणाची रुग्ण असते? पाठवणाऱ्याच्या लेखी ती गेलेली असते आणि घेणाऱ्याच्या लेखी अजून आलेली नसते. जबाबदारीची ही पोकळी भरून काढणे हे समन्वयाचे खरे काम आहे, असे माझे ठाम मत आहे. वाटेत सल्ला कोण देणार, प्रकृती ढासळली तर गाडी कुठे वळवायची आणि तो निर्णय कोणाचा, हे रुग्णालयांमधल्या लेखी करारात असले पाहिजे.

खाट नसल्याचे उत्तर

ही पोकळी श्रीमंत देशांतही जीव घेते. जपानमध्ये २००६ साली नारा प्रांतात बाळंतपणाच्या वेळी शुद्ध हरपलेल्या एका स्त्रीसाठी १९ रुग्णालयांकडून नकार आला. तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. बाळ वाचले, ती वाचली नाही. २००८ मध्ये खुद्द टोकियोत, जिथे मोठ्या रुग्णालयांची वाण नाही, जवळजवळ तसेच पुन्हा घडले. दोन्ही वेळा नकारांमागे कारणे होती: खाट नाही, डॉक्टर शस्त्रक्रियेत आहेत, मेंदूचे तज्ज्ञ हजर नाहीत. प्रत्येक रुग्णालयापुरते पाहिले तर कारण पटण्यासारखे असेलही, पण सर्व नकारांची बेरीज त्या स्त्रीच्या वाट्याला आली.

टोकियोने यावर जे केले ते अभ्यासण्यासारखे आहे. २००९ मध्ये काही मोठी रुग्णालये अशी नेमण्यात आली, की ज्यांनी जीव धोक्यात असलेल्या मातेला खाटेचे कारण सांगून परत पाठवायचे नाही. तसेच कुठे जागा आहे हे शोधण्याचे काम उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या डोक्यावरून काढून रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षातील समन्वयकाकडे देण्यात आले. या दोन निर्णयांत सगळे सार आहे. डॉक्टर एका हाताने बाळंतिणीला सांभाळत दुसऱ्या हाताने फोन फिरवत बसला, तर दोन्ही कामे अर्धवट होतात. आणि "शेवटी कोणीतरी घेईलच" या आशेवर चालणारी व्यवस्था नेमकी सर्वांत वाईट रात्री कोलमडते. कोणीच घेत नसेल तेव्हा कुणी घ्यायचे, याचे उत्तर आधीपासून एका नावावर नोंदलेले असले पाहिजे. त्या रुग्णालयाला त्यासाठी जादा मनुष्यबळ आणि निधी द्यावा लागतो, हेही तितकेच खरे. नुसते आदेश काढून खाटा निर्माण होत नाहीत.

लहानग्या प्रवाशाची काळजी

आईच्या पोटात असताना हलवता आले नाही आणि बाळ लहान केंद्रातच जन्मले, तर त्याच्या प्रवासाचे नियम वेगळे असतात. त्याला सर्वांत मोठा धोका थंडीचा असतो. कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर चरबी नसते, त्वचा पातळ असते, आणि अंग गार पडले की श्वास, रक्तातील साखर आणि रक्ताची आम्लता हे सगळे एकापाठोपाठ एक बिघडत जाते. अति कमी वजनाच्या बाळांच्या एका अमेरिकी अभ्यासात दाखल होतानाचे तापमान जितके अंश सेल्सियसने कमी, तितक्या दर अंशामागे मृत्यूची शक्यता सुमारे २८ टक्क्यांनी वाढलेली आढळली. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या दरम्यान राहायला हवे. प्रवासी इनक्युबेटर नसेल तर आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाच्या उघड्या छातीशी बाळाला बांधून नेणे हा उत्तम पर्याय आहे. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास इनक्युबेटरच्या टंचाईतून पुढे आलेली ही पद्धत आज जगभर कांगारू पद्धत म्हणून ओळखली जाते, आणि स्थिर नसलेल्या बाळांनाही जन्मानंतर लगेच ती सुरू केल्यास मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुदेशीय चाचणीत दिसले.

जन्मताना गुदमरलेल्या बाळाच्या बाबतीत मात्र काही ठिकाणी मुद्दाम शरीर थंड करण्याचा उपचार केला जातो. तो करायचा तर जन्मापासून ६ तासांच्या आत सुरू करून ७२ तास चालवावा लागतो, म्हणजे त्या बाळाच्या बाबतीत निर्णयाची घाई आणखीच असते. परंतु भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या उपचाराने फायदा झाला नाही, उलट मृत्यू वाढले. एका प्रदेशात उपयोगी ठरलेला उपचार दुसरीकडे तसाच्या तसा आणता येत नाही. कोणत्या केंद्रात काय करायचे आणि काय करायचे नाही, ही यादी प्रत्येक परिसराने आपल्याकडचा पुरावा पाहून करायची असते.

पोर्तुगालने काय केले

देशभर समन्वय उभा करण्याचे एक चांगले उदाहरण पोर्तुगालचे आहे. १९६० मध्ये तिथे जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ७७ च्या आसपास बाळे पहिल्या वर्षात दगावत असत, आणि हे प्रमाण पश्चिम युरोपात फार वाईट मानले जाई. २०१० पर्यंत ते ३ च्या खाली आले. मधल्या काळात उत्पन्न वाढले, शिक्षण वाढले, सार्वजनिक आरोग्यसेवा उभी राहिली, लसीकरण झाले. या साऱ्याचा वाटा त्यात आहे. परंतु १९८९ पासून राबवलेल्या पुनर्रचनेने मोठे काम केले. वर्षाला १,५०० पेक्षा कमी बाळंतपणे होणारी प्रसूतिगृहे बंद करण्यात आली, उरलेल्यांच्या श्रेणी ठरल्या, नवजात बाळांच्या वाहतुकीची खास पथके तयार झाली, आणि प्रत्येक मोठ्या रुग्णालयाशी त्याच्या परिसरातली प्राथमिक आरोग्य केंद्रे जोडणारी समन्वय मंडळे स्थापन झाली. या मंडळांत प्रसूतितज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, कुटुंबवैद्य आणि परिचारिका नियमितपणे एकत्र बसत. कोणती गरोदर स्त्री कुठे पाठवायची, माहिती कशी कळवायची आणि झालेल्या चुकांची उजळणी कशी करायची, हे तिथे ठरे. मला या सगळ्यात इमारतींपेक्षा या बैठका अधिक महत्त्वाच्या वाटतात, कारण ज्याच्याशी महिन्यापूर्वी समोरासमोर बसून बोलणे झालेले असते, त्याला रात्री अडीच वाजता फोन करायला माणूस कचरत नाही.

लहान प्रसूतिगृहे बंद करण्याचा भाग मात्र डोळे झाकून उचलण्यासारखा नाही. अंतर वाढले की वाटेत किंवा घरी, कुणी कुशल माणूस जवळ नसताना होणारी बाळंतपणे वाढतात. फ्रान्स आणि नॉर्वेतील अभ्यासांत हे दिसून आले आहे. रस्ते चांगले, अंतरे थोडी आणि रुग्णवाहिका हमखास मिळत असेल, तरच सेवा थोड्या ठिकाणी एकवटणे परवडते. डोंगराळ किंवा बेटांच्या प्रदेशात लहान केंद्र टिकवून ठेवणे, तिथल्या सुईणींना व परिचारिकांना मोठ्या रुग्णालयात वेळोवेळी सरावासाठी बोलावणे, आणि जोखमीच्या गरोदर स्त्रियांची शेवटच्या दोन-तीन आठवड्यांसाठी मोठ्या रुग्णालयाजवळच्या प्रतीक्षागृहात सोय करणे, हा मार्ग अधिक शहाणपणाचा ठरतो.

माहिती, चौकशी आणि पैसा

आईच्या हातात तिची स्वतःची नोंदवही असणे, हे समन्वयाचे सर्वांत स्वस्त साधन आहे. जपानमध्ये १९४८ पासून आई आणि बाळ यांची एकत्रित नोंदपुस्तिका दिली जाते, आणि पुढे अनेक देशांनी ती कल्पना स्वीकारली. संगणकावरील नोंदी उपयुक्त असल्या तरी दोन रुग्णालयांच्या संगणकप्रणाली एकमेकींशी बोलतातच असे नाही. आईजवळची वही मात्र तिच्याबरोबर प्रत्येक दारात पोचते.

मृत्यू किंवा थोडक्यात टळलेला मृत्यू, यांची चौकशी रुग्णालयनिहाय केली तर बहुतेक वेळा दोष "दुसऱ्याच्या" वाट्याला जातो. वरचे रुग्णालय म्हणते, फार उशिरा पाठवले. खालचे म्हणते, दोन तास दारात थांबवले. म्हणून स्त्री घरातून निघाल्यापासूनची संपूर्ण वाट एकत्र बसून तपासावी लागते. ब्रिटनमध्ये १९५२ पासून मातामृत्यूंची गोपनीय चौकशी सलग चालत आली आहे. ती दंड करण्यासाठी नसते, म्हणून लोक खरे बोलतात, आणि खरे कळले म्हणून उपचारांच्या सूचना बदलतात. शिक्षेची भीती असेल तिथे कागदपत्रे नीटनेटकी होतात, पण घडले काय ते कळत नाही. निष्काळजीपणा लपवला जाऊ नये ही अपेक्षा रास्तच आहे. त्यासाठी वेगळी यंत्रणा असावी, आणि शिकण्यासाठीची बैठक वेगळी.

पैशाचा प्रश्न क्वचितच उघडपणे बोलला जातो, पण तो सगळ्यांच्या मनात असतो. ज्या रुग्णालयात बाळंतपण होते त्यालाच त्याचा मोबदला मिळत असेल, तर वेळेवर आणि नीट तयारी करून पाठवणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही. उलट रुग्ण गमावल्याची आणि नाव खराब होण्याची धास्ती राहते. मग पाठवणे लांबत जाते. पाठवण्यापूर्वी दिलेल्या उपचाराचा स्वतंत्र मोबदला, वाहतुकीचा खर्च कुटुंबावर न टाकणे, आणि धोका टळल्यावर रुग्णाला मूळ रुग्णालयाकडे परत सोपवण्याची हमी, या तीन गोष्टी असतील तर हा अडसर बराच कमी होतो.

परत सोपवण्याचा हा शेवटचा टप्पा बहुतेक व्यवस्थांत सर्वांत कच्चा असतो. अतिदक्षता विभागातून बाळ बाहेर पडले की सगळ्यांनाच सुटल्यासारखे वाटते, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढून त्याला अंधत्व येऊ शकते, आणि त्याची पहिली तपासणी साधारणपणे जन्मानंतर चौथ्या आठवड्यापर्यंत, फारच लवकर जन्मलेल्यांची त्याआधीच, व्हावी लागते. वेळेत आढळले तर लेझरने किंवा इंजेक्शनने दृष्टी बहुधा वाचवता येते. नेमक्या याच दिवसांत बाळ मोठ्या रुग्णालयातून लहान रुग्णालयात किंवा घरी गेलेले असते. मोठे रुग्णालय समजते, खालचे करून घेतील. खालचे समजते, वरच्यांनी केलीच असेल. त्यामुळे घरी सोडतानाच्या कागदावर डोळ्यांची तपासणी झाली की नाही, झाली नसेल तर कोणत्या तारखेला, कुठे आणि कुणाकडे, हे लिहिलेले असावे, तसेच ऐकण्याच्या तपासणीची तारीखही असावी. आईच्या बाबतीत, रक्तदाबाची गोळी कधीपर्यंत घ्यायची आणि तो पुन्हा कुठे मोजायचा, हे त्याच कागदावर असावे, कारण बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यातही आकडी येऊ शकते. कागद हातात पडताच तो तिथेच वाचावा, एखादी तारीख किंवा नाव नसेल तर ते विचारून भरून घ्यावे, आणि त्याची एक प्रत त्याच दिवशी मूळ रुग्णालयाकडे गेली का, हेही विचारावे.